काटेकाकांचं रोजचं वजन

५ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला खोलीत जागा नाही. तीन खाटा आणि मध्ये एक स्टूल. आडवा पडलो तर डोकं शेजाऱ्याच्या खाटेखाली जाईल, आणि तिथे त्याचे मोजे असतात. तेव्हा बसूनच नमस्कार.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, भावोजींनाही करायला लावलास. असू दे. पोस्टमनला बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही. रागात असशील, रागातच वाच.

तुझी अट लक्षात आहे. "एका जागी एक वर्ष टिकून दाखव, मग मला ताई म्हण." बेकरी सोडली, गोदाम सोडलं, रंगाऱ्याच्या हाताखालचं काम सोडलं, आणि भावोजींनी चार माणसांच्या पाया पडून लावून दिलेल्या बसडेपोतून तर चहा प्यायला म्हणून गेलो तो परत गेलोच नाही. पायाला भिंगरी, तुझाच शब्द. पण इथे जुलै संपला की वर्ष भरतं. आणि भिंगरी आता पायाला नाही, बुडाखाली आहे. सातवी नापास माणसाला फिरती खुर्ची मिळालीय!

लिफ्टची कंपनी. आधी हेल्पर होतो, दारांना तेल घालायचो. मग हात दुखावला म्हणून आठवडाभर कंट्रोल रूममध्ये बसवलं, आणि तिथल्या साहेब मॅडम म्हणाल्या, "हा बोलतो बरा, राहू दे इथेच." लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो, ते आमच्याकडे वाजतं. आम्ही सांगायचं, घाबरू नका, दार ओढू नका, माणूस निघालाय. माणूस अजून चहा पीत असला तरी निघालाय म्हणायचं, तेवढं खोटं नोकरीतच धरलेलं आहे. हे सगळं बोलणं मशीन आपोआप नोंदवून ठेवतं. समोर पडदा आहे, त्यावर प्रत्येक लिफ्टचा एक चौकोन. कुठल्या मजल्यावर आहे आणि आत एकूण किती किलो आहेत, दोन्ही दिसतं.

शेजारच्या खुर्चीत एकजण बसतो, आवाजावरून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. खोलीतही तोच शेजारी. आवाज असा की अडकलेली माणसं म्हणतात, आणखी थोडं बोला ना. अक्कल मात्र तेवढ्या खालच्या पट्टीत लागलेली.

आता गंमत ऐक. हेल्पर असताना एका आठमजली इमारतीत गेलो होतो. तिथे सातव्या मजल्यावर एक म्हातारे एकटे राहतात. आयुष्यभर ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होते, म्हणून सगळे काटेकाका म्हणतात. मला पाणी दिलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "काटा कुठे बसवलाय?"

"कसला काटा?"

"माणसं जास्त झाली की ही ओरडते. म्हणजे ही मोजते. आणि चाळीस वर्षांत मी असा काटा पाहिला नाही ज्याचा आकडा कुणी लिहून घेत नाही. कोण लिहितं? कुठे पाठवतात?"

मी त्यांना लिफ्टच्या तळाखालचं यंत्र दाखवलं. एवढ्यावर माणूस खूश! दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये हाताने लिहिलेला कागद चिकटवला: "रहिवाशांनो, तुमचं रोजचं वजन वर कळवलं जात आहे. सावध राहा."

जेवण नीट आहे. दारात उभं करून मनगट धरायचीस ना, किती वाळलाय ते बघायला? आता धरलंस तर बोटाला बोट टेकणार नाही. खरंच.

तुझा (अट पुरी होईपर्यंत नुसता)
धाकटा


२ एप्रिल

ताई,

उत्तर नाही. तरी लिहितो, कारण हे कुणाला सांगितल्याशिवाय पोट दुखेल.

आम्हाला इथून कुठल्याही लिफ्टमध्ये बोलता येतं. लाइन चालू आहे का बघायला आठवड्यातून एकदा बोलायचंच असतं. मी रेडिओला काटेकाकांची गोष्ट सांगितली. त्याने लगेच पडद्यावर ती इमारत काढली. सकाळची वेळ, लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली, म्हणजे काका दूध आणायला खाली निघालेले. चौकोनात आकडा आला. रेडिओने बटण दाबलं आणि त्या आवाजात म्हणाला,

"एक्क्याऐंशी किलो. काल ऐंशी होते."

ताई, मला वाटलं, गेले काका. मग आवाज आला, "दूध आणायला निघालोय. पिशवीत काचेची बाटली आहे. बाटलीचं वजन वजा कर!"

आम्ही दोघं टेबलाखाली. मॅडम आल्या म्हणून पेन शोधतोय असं दाखवलं.

तेव्हापासून रोज. रेडिओ आकडा सांगतो, काका भांडतात. "बूट धरलेत का?" "एकूण वजन सांगू नकोस, निव्वळ सांग!" एकदा म्हणाले, "तुझा वरिष्ठ कोण?" रेडिओ म्हणाला, "आठव्या मजल्यावर." काका आठव्या मजल्यावर गेले आणि तिथे राहणाऱ्या गाण्याच्या बाईंना जाब विचारला! बाई शिष्यांना शिकवत होत्या. त्यांनी काकांना आत बसवून सरबत पाजलं.

मशीन हे सगळं नोंदवतं. रेडिओने त्यातले तुकडे काढून कंपनीच्या पोरांच्या ग्रुपवर टाकले. आता तेल घालणारे हेल्परसुद्धा एकमेकांना "निव्वळ सांग" म्हणतात.

तू हसलीस की नाही? खरं सांग. ओठ दाबून हसतेस तेही चालेल.

धाकटा


१९ मे

ताई,

तुझं कार्ड आलं. आधी आनंद झाला, मग वाचलं. "त्या माणसाला विचारलं होतंस का?" पाच शब्द. ना सही, ना नमस्कार, ना खुशाली. सरकारी नोटीससुद्धा एवढी कोरडी नसते.

नाही विचारलं. पण माझं म्हणणं ऐक. एक, तो माणूस स्वतःच लिफ्टमध्ये कागद चिकटवतो, जिन्यात लोकांना थांबवून सांगतो. ज्याने आपलं म्हणणं भिंतीला लावलंय त्याचं आम्ही चोरलं काय? आणि दुसरं म्हणजे ते खूश आहेत. तिकडे जाणारे हेल्पर सांगतात, हल्ली इस्त्रीचा शर्ट घालून लिफ्टमध्ये येतात. मीच पूर्वी बघितलेत, गंजीवर दूध आणायचे.

रेडिओला कार्ड दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या ताईला सांग, वेड्याला विचारून कुणी चेष्टा करतं का?" मी म्हटलं, "ते वेडे कुठे आहेत? लिफ्ट मोजतेच की." तो म्हणाला, "मोजते, पण लिहीत नाही." मी म्हटलं, "वजन नाही लिहीत. बोलणं तर लिहितोच आपण." यावर तो बिस्किट खायला लागला.

आता पुढचं. काकांनी डाव टाकलाय. एके दिवशी आकडा आला ब्याण्णव. दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. मग एकदम एकशे तीन! आम्हाला वाटलं मशीन बिघडलं. मग काकाच हसत म्हणाले, "काय रे, काय लिहिलंस? लिही, लिही!" पिशवीत विटा घालून फिरतात, ताई! ट्रकवाले काट्यावर काय काय लबाड्या करायचे ते सगळं त्यांनी पाहिलंय. ओली रेती, ताडपत्रीखाली दगड, ड्रायव्हर हळूच उतरणं. चाळीस वर्षं ज्या पकडल्या त्या आता स्वतः करतायत, आणि एवढ्या मजेत की आम्हाला त्यांचा हेवा वाटतो.

इमारतीतल्या माणसांनाही नादी लावलंय. कंपनीत फिरणारे तुकडे तिकडेही पोचले. काहींनी हसण्यावारी नेलं, काहींना वाटलं की लिफ्ट खरंच बोलते तर काका म्हणतात त्यात काहीतरी असेल. गाण्याच्या बाई तंबोऱ्याऐवजी वीट घेऊन खाली उतरतात म्हणे.

एक तुकडा मात्र रेडिओने ग्रुपवर टाकला नाही. मीच टाकू दिला नाही. त्यात काय आहे ते लिहीत नाही. तू लगेच दुसरं कार्ड पाठवशील.

धाकटा


११ जून

ताई,

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

आज दुपारी घंटा वाजली. बघतो तर काकांचीच इमारत. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. आत पाच माणसं आणि प्रत्येकाकडे विटांची पिशवी. काकांनी सगळ्यांना एकदम वर न्यायचं ठरवलं होतं, म्हणजे लिहिणाऱ्याचा हिशेबच कोलमडेल. ओरडायच्या आकड्याच्या बरोबर खाली राहतील एवढ्याच विटा मोजून दिल्या होत्या. काट्यावरचा माणूस, चुकेल कसा? चुकली ती गाण्याच्या बाईंची पिशवी. बंद तुटला, विटा धाडकन तळावर आदळल्या. लिफ्टला वाटलं आपण कोसळतोय. तिने ब्रेक आवळला आणि बसली.

तसं हे रोजचंच. माणूस पाठवायचा, वीस मिनिटांत सुटका. रेडिओने माइक घेतला. "घाबरू नका. दार ओढू नका..."

आतून काका ओरडले, "हाच तो! हाच तो आवाज! कुणी ऐकू नका, हा खोटारडा आहे!"

मग खणखण आवाज. काकांच्या पिशवीत जुनं लोखंडी वजन होतं, ते दाराच्या फटीत घालून ते दार उचकत होते. ताई, मधल्यामध्ये थांबलेल्या लिफ्टचं दार उघडलं की खाली फट पडते. त्या फटीखाली चार मजले नुसता काळोख. बाहेर उडी मारायला जातात आणि पाय मागे घसरतो. हेल्पर असताना पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. म्हणून तर ते "दार ओढू नका" वाक्य आहे. आणि तेच वाक्य आम्ही निकामी करून ठेवलं होतं.

रेडिओचा आवाजच गेला. एवढा मोठा आवाज, तो नुसता "अ... अ..." करत माझ्याकडे बघत राहिला. मी माइक ओढला.

"काका, दार सोडा."

"तू कोण आता?"

"मी तुम्हाला तळाखालचा काटा दाखवला होता. तुम्ही मला पाणी दिलंत."

खणखण थांबली. "तू तेलवाला?"

"हो. काका, रोज आकडा सांगणारे आम्हीच. मी आणि माझा मित्र. कंपनीच्या खोलीत बसून. वर कुणी नाही, आठव्या मजल्यावर कुणी नाही. चेष्टा होती."

आत कुणीतरी म्हणालं, "अगं बाई!"

"लिहून घेता का?" काकांनी विचारलं.

"वजन नाही लिहीत."

"मग काय लिहिता?"

मशीन चालू होतं, ताई. माझा शब्दन् शब्द आत जात होता, आणि लिफ्ट अडकल्याची नोंद मॅडम स्वतः ऐकतात, तसा नियमच आहे. जुलै डोळ्यासमोर आला. तूही आलीस, कमरेवर हात ठेवून.

"बोलणं," मी म्हटलं. "तुमचं सगळं बोलणं नोंदवलंय. आणि त्यातलं थोडं आम्ही लोकांना ऐकवलं. तुम्हाला न विचारता."

"म्हणजे नोंद होते!" काका एवढ्या जोरात म्हणाले की माइक करकरला. "ऐकलंत का सगळ्यांनी? मी काय सांगत होतो!"

"तुम्ही वजनाचं सांगत होता," इमारतीतले दातांचे डॉक्टर म्हणाले. तेही आत होते.

"वजन काय अन् आवाज काय, नोंद ती नोंद!"

"अहो काका, आधी ते लोखंड खाली ठेवा," गाण्याच्या बाई म्हणाल्या, "माझ्या पायावर एकदा पडून झालंय."

ठेवलं. मी ऐकलं, ठक्कन. मग माणूस पोचेपर्यंत मी त्यांच्याशी बोलत बसलो. शेवटी बाहेर पडताना काका लाल बटणाजवळ तोंड आणून म्हणाले, "हे आजचं मात्र पुसून टाकतील बघा. नेहमी पुसतात."

आता रेडिओ समोर बसलाय. तो म्हणतो, मधली तीन मिनिटं उडवता येतात. लाइन खराब होती म्हणायचं. त्याला येतं ते. म्हणतो, "तुझं वर्ष भरायला दीड महिना राहिलाय. वेडा आहेस का?"

मॅडम उद्या ऐकतील. पत्र आत्ताच पेटीत टाकतो. काय करू ते विचारत नाही, तुझं उत्तर यायला आठवडा लागतो. फक्त तुला माहीत असावं.

धाकटा


१५ जून

ताई,

पुसलं नाही.

फार मोठं मन वगैरे समजू नकोस. रेडिओचं बोट बटणावर होतं आणि मला हसू आलं. म्हटलं, अरे, हे उडवलंस तर काका जन्मभर बरोबर ठरतील. एकदा तरी त्यांचा अंदाज चुकायला हवा की नको? रेडिओने बोट काढलं. म्हणाला, "तुझ्या ताईच्या त्या कार्डाने माझी नोकरी खाल्ली."

मॅडमनी सगळं ऐकलं. नुसतं त्या दिवशीचं नाही, मार्चपासूनचं. दार लावून, एकट्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ज्याचं आहे त्याला जाऊन ऐकवा. सगळं. मग बघू तुमचं काय करायचं ते."

तर काल दोघं काकांकडे गेलो. खोली स्वच्छ, भिंतीवर घड्याळ, टेबलावर पितळी तराजू. आम्ही माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "आधी वाजवा."

वाजवलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच हात वर करायचे. "इथे परत लाव." परत लावलं. "बघ, इथे मी काय मुद्दा मांडलाय!" बाटलीच्या वजनावर तर स्वतःच टाळी वाजवली. रेडिओ कानापर्यंत लाल.

मग तो तुकडा आला जो मी तुला लिहिला नव्हता. आता लिहितो. एप्रिलमध्ये एकदा काका लिफ्टमध्ये हळूच म्हणाले होते, "इतकी वर्षं लिहिताय, तर हिचंही असेल तुमच्याकडे. माझ्याबरोबर रोज भाजीला उतरायची. शेवटचं किती होतं, बघून सांगशील?" आणि रेडिओला काही सुचलं नाही, तर हा म्हणाला, "अठ्ठेचाळीस किलो." काका तसेच उतरून गेले होते. त्या दिवशी आम्ही टेबलाखाली गेलो नव्हतो.

तुकडा संपला. मी खाली बघत म्हटलं, "काका, तो आकडा खोटा होता."

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "ती चांगली सत्तरची होती. अठ्ठेचाळीस म्हणे! लग्नातसुद्धा नव्हती." आणि हसले, ताई, पोट धरून हसले. "त्याच दिवशी मला कळलं की आत माणूस आहे. काटा बिघडला तरी एवढा बिघडत नाही. बावीस किलोची चूक माणूसच करतो, तीही दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून."

रेडिओ म्हणाला, "मग तुम्ही नंतरही रोज कशाला बोलत होतात?"

"यंत्राशी भांडायला इस्त्रीचा शर्ट कशाला घालू? माणूस आहे कळलं, म्हणून घातला." मग आवाज चढला. "पण मला विचारायला हवं होतं. मी कदाचित हो म्हटलं असतं. आता ते कधीच कळणार नाही, ना तुम्हाला ना मला. आणि दार मी का सोडत नव्हतो, कळलं? खोटं बोलणाऱ्याचं ऐकून कुणी जीव धोक्यात घालतं का?"

रेडिओ एकदम म्हणाला, "चुकलं." नुसतं एवढंच, आणि आवाज अगदी साधा, पोरासारखा. काका म्हणाले, "हा तुझा खरा आवाज का? हा बरा आहे."

निघताना त्यांनी सगळी नोंद स्वतःसाठी मागून घेतली. ग्रुपवरची आम्ही त्यांच्यासमोर पुसली, बाकी पोरांकडून पुसून घ्यायला चार दिवस लागले असते, रेडिओने एका दिवसात शिव्या घालून घेतली. कुणाच्या फोनमध्ये उरली असेल तर मला माहीत नाही. तेवढं कायमचं सुटलं हातातून.

मॅडमचा निकाल यायचाय. वर्ष भरेल असं वाटत नाही, ताई. तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उगीच वाट बघायला नको.

धाकटा


३ ऑगस्ट

ताई,

निकाल तुला ठाऊकच आहे, मी लिहायच्या आधीच तू फोन करून घेतलास. तरी कागदावर असू दे.

खुर्ची गेली, नोकरी राहिली. परत हेल्पर. रेडिओसुद्धा. तो आता लिफ्टच्या छतावर बसून गातो. मॅडमनी सगळ्या लिफ्टमध्ये पाटी लावायला सांगितली, ती आम्हीच लावत फिरतोय: "लाल बटणावरचं बोलणं नोंदवलं जातं." काकांच्या इमारतीत पाटी ठोकताना काका मागे उभे होते. "थोडी वर घे. डावीकडे. आता बरोबर." मग खाली स्वतःचा कागद चिकटवला: "मी म्हणालो होतो." मी काढला नाही. आणि वजनाचं त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणतात, तुम्ही लिहीत नसाल, पण तुमच्या वरचे?

आणि परवा, वर्ष भरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी पाचव्या मजल्यावर दाराला तेल घालत होतो आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर एक घोगरा, दबका आवाज, तोंडावर रुमाल धरल्यासारखा:

"तुमचं वजन चार किलोने कमी झालं आहे. नीट जेवत नाही, असं वर कळवण्यात आलं आहे."

मागे भावोजींचं खिंकाळणं ऐकू येत होतं. त्यांना सांग, चेष्टा करताना टेबलाखाली जायचं असतं, ते काम सोपं नाही.

मी लगेच ओळखलं, ताई. पण रुमालाआड तू किती वेळ टिकतेस ते बघायचं होतं, म्हणून मुकाट्याने ऐकत राहिलो. तू रडायला लागलीस तेव्हा टिकली नाहीस.

बोलणं नोंदवलं नाही. फोनमध्ये ती सोय आहे, बोट तिथवर गेलंही होतं. पण तुला विचारलं नव्हतं.

आता विचारतो. पुढच्या वेळी तोच आवाज काढशील का, आणि मी नोंदवून घेऊ का? काकांना ऐकवायचाय. ते म्हणतात, चेष्टा कशी करावी हे तुझ्या बहिणीकडून शिक.

आणि आकडा चुकलाय तुझा. चार नाही, दोन. काकांच्या तराजूवर नाही, कंट्रोल रूममधल्या पोराकडून लिफ्टच्या पडद्यावर बघून घेतलंय. निव्वळ, बूट काढून.

तुझा, अट पुरी करून,
धाकटा